बायबल बाजारभाषेत येते तेव्हा...

सामान्य वाचकाला समजेल अशा जर्मन भाषेत बायबल आणण्याची धडपड सुमारे बाराशे वर्षांची आहे. मार्टिन ल्यूथर हे तिच्यातील सर्वांत मोठे नाव. पण ते पहिले नव्हे आणि अखेरचेही नव्हे. प्रत्येक पिढीत वाद मात्र एकाच प्रश्नाभोवती फिरत राहिला. हा ‘सामान्य वाचक’ नेमका कोण आणि त्याच्यावर कितपत विश्वास टाकायचा?

जर्मनीतील प्रॉटेस्टंट चर्चने १९७५ साली ल्यूथरकृत नव्या कराराची सुधारित आवृत्ती प्रसिद्ध केली. जुन्या वळणाची भाषा आजच्या वाचकाला कळत नाही, ती सोपी करावी, हा त्यामागचा सरळ हेतू होता. मत्तयाच्या शुभवर्तमानात येशूचे एक प्रसिद्ध वचन आहे. दिवा लावणारा माणूस तो मापाखाली झाकून ठेवत नाही, असा त्याचा आशय. या मापासाठी ल्यूथरने ‘शेफेल’ हा शब्द योजला होता. शेफेल म्हणजे धान्य मोजण्याचे जुने माप, आपल्याकडील पायलीच्या जातीचे. १९ व्या शतकात मेट्रिक मापे आली आणि शेफेल घराघरांतून नाहीसे झाले. नव्या पिढीला हा शब्द कसा कळणार, असा विचार करून संपादकांनी त्याच्या जागी ‘आयमर’, म्हणजे चक्क बादली, हा शब्द घातला.

वाचकांना ही बादली मुळीच रुचली नाही. शेफेल घरातून गेले होते, भाषेतून नव्हे. स्वतःचे गुण झाकून ठेवणाऱ्या माणसाविषयी बोलताना ‘तो आपला दिवा शेफेलखाली ठेवतो’ असे जर्मन माणूस सर्रास म्हणतो. कधीही चर्चची पायरी न चढणाऱ्यांच्या तोंडीही हा वाक्प्रचार असतो. संपादकांनी शब्द सोपा केला. पण जो भाग सामान्यांच्या बोलण्यात रुजला होता, नेमका तोच उपटून काढला. त्या आवृत्तीला ‘बादलीचा करार’ असे टोपणनाव पडले. अखेर १९८४ च्या आवृत्तीत शेफेल सन्मानाने परत आले.

प्रसंग गमतीचा असला तरी त्यामागचा पेच गंभीर आहे. सामान्यांसाठी भाषांतर करणारा प्रत्येक जण ‘सामान्य माणूस’ कोण, त्याला काय कळते आणि काय कळू द्यावे, हे आधी मनाशी ठरवत असतो. जर्मन भाषेत या निर्णयापायी राजाज्ञा निघाल्या, पुस्तके जप्त झाली, नोकऱ्या गेल्या आणि रक्तही सांडले.

लॅटिनच्या सावलीत

मध्ययुगीन युरोपात बायबल म्हणजे ‘व्हल्गेट’. संत जेरोम याने चौथ्या शतकाच्या अखेरीस सिद्ध केलेले हे लॅटिन भाषांतर. ‘व्हल्गेट’ या शब्दाचा अर्थच मुळी ‘सर्वत्र प्रचलित’ असा आहे. ग्रीक व हिब्रू न जाणणाऱ्या, लॅटिन बोलणाऱ्या जनतेसाठीच हा ग्रंथ तयार झाला होता. पुढे लॅटिन ही लोकांची भाषा राहिली नाही, ती केवळ धर्मगुरू आणि विद्वानांची भाषा झाली. लोकांसाठी केलेले भाषांतर अशा रीतीने लोकांनाच परके झाले.

जर्मन बोलींत धर्मकथा आणण्याचे प्रयत्न नवव्या शतकापासूनच दिसतात. फुल्डा येथील मठात ८३० च्या सुमारास चार शुभवर्तमानांच्या एकत्रित कथनाचे प्राचीन जर्मनमध्ये भाषांतर झाले. त्यानंतर काही दशकांनी ओटफ्रीड या भिक्षूने येशूचे चरित्र जर्मन पद्यात रचले. आपली भाषा ओबडधोबड आहे याची त्याला जाणीव होती. पण इतर लोक आपापल्या भाषेत देवाचे गुणगान करतात, मग फ्रँक लोकांनीच का करू नये, असा त्याचा सवाल होता. सेंट गॅलनच्या मठातील नोटकर या शिक्षकाने सन १००० च्या सुमारास आपल्या विद्यार्थ्यांसाठी स्तोत्रसंहिता जर्मनमध्ये समजावून सांगितली. तथापि हे सारे हस्तलिखितांचे जग होते. मठाच्या भिंतीबाहेर त्यातले फारसे काही पोहोचत नव्हते.

छपाईच्या कलेने हे चित्र पालटले. गुटेनबर्गचे मुद्रित बायबल १४५५ च्या सुमारास माइंझ येथे तयार झाले, ते लॅटिन होते. त्यानंतर अवघ्या दशकभरात, १४६६ साली, स्ट्रासबुर्ग येथील योहान मेंटेलिन या मुद्रकाने संपूर्ण बायबल जर्मनमध्ये छापले. ल्यूथरपूर्वी जर्मनमध्ये बायबलच नव्हते, हा समज म्हणूनच चुकीचा आहे. १४६६ ते १५२२ या काळात जर्मनमध्ये बायबलच्या १८ मुद्रित आवृत्त्या निघाल्या. त्यांपैकी १४ दक्षिणेकडील ‘उच्च’ जर्मनमध्ये, तर चार उत्तरेकडील ‘निम्न’ जर्मनमध्ये होत्या. न्यूरेम्बर्गच्या आंटोन कोबर्गर याची देखणी सचित्र आवृत्ती १४८३ सालची. योगायोगाने ल्यूथरचा जन्मही त्याच वर्षीचा.

मग या आवृत्त्यांनी क्रांती का घडवली नाही? पहिले कारण किमतीचे. हे जाडजूड ग्रंथ श्रीमंत व्यापारी आणि उमराव यांनाच परवडणारे होते. दुसरे कारण भाषेचे. मेंटेलिनने छापलेले भाषांतर मुळात शतकभर जुने होते आणि तेही व्हल्गेटच्या शब्दाला शब्द लावून केलेले. शब्द जर्मन, पण वाक्याची ठेवण लॅटिन. ज्याला लॅटिन येत होते त्याला या भाषांतराची गरज नव्हती आणि ज्याला गरज होती त्याला ते वाचताना ठेचा लागत होत्या.

तरीही सत्ताधाऱ्यांना धास्ती वाटलीच. माइंझचा आर्चबिशप बेर्थोल्ड फॉन हेनेबर्ग याने १४८५ साली लॅटिन व ग्रीकमधून जर्मनमध्ये केलेल्या पुस्तकांवर पूर्वपरवानगीचे बंधन घातले. गहन विचार पेलण्याइतकी जर्मन भाषा समर्थ नाही आणि अशिक्षित माणसांच्या व स्त्रियांच्या हाती धर्मग्रंथ पडला तर त्यातून खरा अर्थ कोण काढणार, असा त्याचा युक्तिवाद होता. भाषा असमर्थ आणि वाचकही असमर्थ, हा दुहेरी आक्षेप पुढील अनेक शतके वेगवेगळ्या रूपांत ऐकू येत राहिला.

किल्ल्यातील अकरा आठवडे

विटेनबर्ग विद्यापीठातील प्राध्यापक आणि संन्यस्त भिक्षू मार्टिन ल्यूथर याने १५१७ साली पापमुक्तीच्या पत्रांच्या विक्रीविरुद्ध आपले ९५ मुद्दे मांडले. १५२१ साली वोर्म्स येथील राजसभेपुढे त्याने माघार घेण्यास नकार दिला. त्याला साम्राज्याच्या कायद्याबाहेर घोषित करण्यात आले. त्याला कोणीही मारावे, अशी ही शिक्षा. त्याचा पाठीराखा, सॅक्सनीचा इलेक्टर फ्रेडरिक, याच्या माणसांनी वाटेत अपहरणाचा बनाव रचून त्याला आयझेनाख गावाजवळच्या वार्टबुर्ग किल्ल्यात लपवले. ४ मे १५२१ ते १ मार्च १५२२ हा काळ त्याने दाढी वाढवून, ‘सरदार यॉर्ग’ असे नाव घेऊन तेथे काढला.

या अज्ञातवासाच्या अखेरच्या टप्प्यात, अवघ्या अकरा आठवड्यांत त्याने नवा करार जर्मनमध्ये उतरवला. त्याने आधार घेतला तो लॅटिनचा नव्हे, तर इरॅस्मसने १५१९ साली दुसऱ्यांदा संपादित केलेल्या मूळ ग्रीक संहितेचा. विटेनबर्गला परतल्यावर ग्रीकचा जाणकार सहकारी फिलिप मेलांक्थन याच्यासह त्याने मसुदा तपासला. सप्टेंबर १५२२ मध्ये पुस्तक बाजारात आले. मेल्शिओर लोटर याने ते छापले, चित्रकार लुकास क्रानाख आणि त्याचा भागीदार क्रिस्टियान ड्योरिंग यांनी पैसा घातला. मुखपृष्ठावर ‘नवा करार, जर्मन’ आणि ‘विटेनबर्ग’ एवढेच शब्द होते, भाषांतरकाराचे नाव नव्हते. पहिली आवृत्ती सुमारे ३ हजार प्रतींची असावी, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. त्या काळी हा आकडा मोठाच होता. तरीही डिसेंबरमध्येच दुसरी आवृत्ती काढावी लागली. पहिल्या आवृत्तीत क्रानाखने प्रकटीकरणातील श्वापदाच्या डोक्यावर पोपचा तिहेरी मुकुट चढवला होता. दुसऱ्या आवृत्तीत तो कोरून काढून साधा करण्यात आला.

जुन्या कराराला मात्र तब्बल बारा वर्षे लागली. हिब्रूचा प्राध्यापक माथेउस आउरोगालुस, मेलांक्थन आणि इतर सहकारी यांचे एक मंडळच ल्यूथरने जमवले. ईयोबच्या ग्रंथातील तीन ओळी नीट लावण्यासाठी कधी चार-चार दिवस खर्ची पडत, असे त्याने नमूद केले आहे. वाचकाला गुळगुळीत वाट दिसते, पण त्या वाटेवरचे धोंडे आम्ही बाजूला केले आहेत, अशा आशयाचे उद्गार त्याने काढले होते. लेवीय ग्रंथात यज्ञपशूच्या आतड्या-काळजाची बारीकसारीक वर्णने येतात. त्यांतील अवयवांची लोकांत रूढ असलेली नावे कळावीत म्हणून त्याने खाटकाकरवी मेंढे कापून पाहिले, अशी आठवण त्याचा शिष्य योहानेस मातेसियस याने नोंदवून ठेवली आहे. संपूर्ण बायबल १५३४ साली हान्स लुफ्टच्या छापखान्यातून बाहेर पडले. ल्यूथर १५४६ साली वारला. तोवर सुधारणा करण्याचे काम थांबले नव्हते.

एका ‘च’चा वाद

ल्यूथरवरील सर्वांत बोचरा आक्षेप एका शब्दाचा होता. पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रात मनुष्य नियमशास्त्रातील कर्मांवाचून विश्वासाने नीतिमान ठरतो, असा विचार येतो. ल्यूथरने तेथे ‘आलाइन’, म्हणजे ‘केवळ’, हा शब्द घातला. तो मूळ ग्रीकमध्ये नाही. केवळ विश्वासानेच तारण मिळते, हा ल्यूथरच्या शिकवणुकीचा कणा असल्याने त्याने धर्मग्रंथात स्वतःचे मत घुसडले, असा गदारोळ विरोधकांनी केला.

१५३० साली कोबुर्ग येथून लिहिलेल्या, भाषांतराविषयीच्या खुल्या पत्रात त्याने याला उत्तर दिले. ते शब्द मूळ संहितेत नाहीत हे आपल्याला पक्के ठाऊक आहे, असे त्याने आधीच सांगून टाकले. पण दोन गोष्टींपैकी एक नाकारून दुसरी स्वीकारायची असेल, तर जर्मन माणूस ‘केवळ’ म्हणतोच. शेतकरी पैसे आणत नाही, केवळ धान्य आणतो, असा त्याचा दाखला. मराठीत हेच काम ‘च’ हे एक अक्षर करते. ‘पैसे नाही, धान्यच आणतो’ या वाक्यातील ‘च’ काढला तर वाक्य चुकत नाही, पण बोलण्यातला जोर हरवतो. जर्मन कसे बोलावे हे लॅटिनच्या अक्षरांना विचारायचे नसते. ते घरातल्या आईला, गल्लीतल्या मुलांना आणि बाजारातल्या साध्या माणसाला विचारायचे, असे त्याचे म्हणणे होते.

याच पत्रात त्याने देवदूताने मरियेला केलेल्या अभिवादनाचे उदाहरण दिले आहे. लॅटिनमध्ये तिला ‘कृपेने भरलेली’ म्हटले आहे. हे शब्दशः जर्मनमध्ये आणले तर ऐकणाऱ्याला बिअरने भरलेले पिंप किंवा नाण्यांनी भरलेली थैली आठवेल, असे त्याने थट्टेने म्हटले आणि ‘होल्डझेलिगे’, म्हणजे ‘प्रसन्न, गोड स्वभावाची’, असा अस्सल जर्मन शब्द पत्करला.

अर्थात ‘केवळ’च्या बाबतीत प्रश्न फक्त व्याकरणाचा नव्हता. तो सिद्धान्ताचाही आहे, हे ल्यूथरने त्याच पत्रात मान्य केले. लोकांची बोली आणि भाषांतरकाराची श्रद्धा येथे एकाच शब्दात मिसळल्या आहेत. टीकाकारांचा आक्षेप म्हणूनच अगदी निराधार म्हणता येत नाही.

‘बाजारातली भाषा’ हेही एक सोयीचे सुलभीकरण होते. तेव्हा सर्वांची अशी एक जर्मन भाषा नव्हतीच. ल्यूथरने सॅक्सनीच्या दरबारी पत्रव्यवहाराची, बऱ्याच प्रांतांत समजणारी लेखनपद्धती पाया म्हणून घेतली आणि त्यावर बोलीतले शब्द, म्हणी व लय चढवली. तरीही दक्षिणेत अडचण आलीच. बाझेलचा मुद्रक आडाम पेट्री याने १५२३ च्या आवृत्तीला ल्यूथरच्या अनोळखी शब्दांचा छोटा कोश जोडला. ओठासाठी ल्यूथरचा ‘लिपे’ तिकडे ‘लेफ्त्से’ होता, टेकडीसाठीचा ‘ह्यूगेल’ तिकडे ‘ब्यूहेल’ होता. आज प्रमाण जर्मनमध्ये ‘लिपे’ आणि ‘ह्यूगेल’ हेच शब्द रूढ आहेत. भाषांतर लोकांच्या भाषेत झाले आणि पुढे लोकांची भाषा भाषांतराप्रमाणे घडली, असा हा दुहेरी प्रवास आहे.

वाचणाऱ्यांनी काय केले?

पुस्तक हाती आल्यावर लोक केवळ वाचून थांबले नाहीत. बव्हेरियातील आर्गुला फॉन ग्रुम्बाख या सरदार घराण्यातील स्त्रीला लहानपणी वडिलांनी कोबर्गरचे जर्मन बायबल भेट दिले होते. १५२३ साली इंगोलश्टाट विद्यापीठाने ल्यूथरची मते बाळगणाऱ्या एका तरुणाला ती जाहीरपणे सोडून देण्यास भाग पाडले. तेव्हा तिने विद्यापीठाला थेट पत्र लिहून, बायबलमधील वचने देत जाब विचारला. मला लॅटिन येत नाही, पण तुम्हाला जर्मन येते, तेव्हा माझ्याशी जर्मनमध्ये वाद घाला, असे तिचे आव्हान होते. हे पत्र छापले गेले, त्याच्या अनेक आवृत्त्या खपल्या. विद्यापीठाने उत्तर दिले नाही. तिच्या पतीला मात्र आपले पद गमवावे लागले. आर्चबिशप बेर्थोल्डला ज्याची भीती वाटत होती, ते असे घडले. एका स्त्रीने ग्रंथ वाचला आणि अर्थही काढला.

त्याहून मोठी ठिणगी खेड्यांत पडली. दक्षिण जर्मनीतील शेतकऱ्यांनी मार्च १५२५ मध्ये मेमिंगेन येथे आपल्या बारा मागण्या तयार केल्या. त्या लिहिण्यात कातड्याचे काम करणाऱ्या सेबास्टियान लोत्सर या कारागिराचा मोठा वाटा होता. आपला धर्मोपदेशक निवडण्याचा हक्क गावाला हवा, वेठबिगारी व गुलामी नष्ट व्हावी, जंगल व पाणी सर्वांना खुले असावे, अशा या मागण्या. प्रत्येक मागणीच्या समासात बायबलमधील आधार दिलेला होता. ख्रिस्ताने सर्वांनाच आपले रक्त देऊन मुक्त केले, मग आम्ही कोणाची मालमत्ता कसे, असा त्यांचा सवाल होता. एखादी मागणी शास्त्रवचनांशी विसंगत असल्याचे दाखवून दिले तर ती मागे घेऊ, असेही त्यांनी अखेरीस लिहिले.

ल्यूथरने आधी राजांना त्यांच्या अन्यायाबद्दल खडसावले. परंतु बंड पेटताच त्याने शेतकऱ्यांविरुद्ध अत्यंत कठोर पत्रक लिहिले आणि सरंजामदारांना शस्त्र चालवण्यास सांगितले. उठाव चिरडला गेला. हजारो शेतकरी मारले गेले. सामान्य माणसाची बोली ल्यूथरने कान देऊन ऐकली होती. त्याच माणसाने त्या ग्रंथातून काढलेला अर्थ ऐकण्याची मात्र त्याची तयारी नव्हती.

विरोधकांनाही जर्मन गाठावी लागली

ल्यूथरचा कट्टर विरोधक, सॅक्सनीच्या दुसऱ्या भागाचा ड्यूक गेऑर्ग, याने नोव्हेंबर १५२२ मध्येच या पुस्तकावर बंदी घातली. प्रती जमा करा, दिलेली किंमत परत मिळेल, असा त्याचा हुकूम होता. त्याच्या दरबारातील विद्वान हिरोनिमस एमझर याने ल्यूथरच्या भाषांतरात सुमारे १४०० चुका दाखवल्या. पण केवळ चुका दाखवून लोकांची भूक भागणार नव्हती. म्हणून १५२७ साली एमझरचाच नवा करार आला. तो बव्हंशी ल्यूथरच्याच मजकुरावर व्हल्गेटच्या आधारे हात फिरवून केलेला होता, चित्रेही क्रानाखचीच. माझेच पुस्तक माझे नाव काढून विकले जात आहे आणि माझे शत्रूच ते वाचून जर्मन शिकत आहेत, असा टोला ल्यूथरने हाणला. पुढे कॅथॉलिक पंथीयांसाठी योहान डीटनबर्गर (१५३४) आणि योहान एक (१५३७) यांनी संपूर्ण बायबले सिद्ध केली.

इतरही प्रवाह होते. वोर्म्स येथे १५२७ साली लुडविग हेत्सर आणि हान्स डेंक या दोघा बंडखोर विचारवंतांनी संदेष्ट्यांचे ग्रंथ थेट हिब्रूतून जर्मनमध्ये आणले, ल्यूथरच्याही आधी. झुरिचमध्ये त्स्विंग्ली, लेओ युड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १५३१ साली एकत्रित बायबल प्रसिद्ध केले, म्हणजे तेही विटेनबर्गच्या तीन वर्षे आधी. स्वित्झर्लंडमध्ये झुरिच बायबलची परंपरा आजही जिवंत आहे.

किमतीचा प्रश्न

भाषा सोपी झाली तरी पुस्तक स्वस्त झाले नव्हते. अनेक घरांत बायबल पोहोचले ते वाचून दाखवण्यातून, प्रवचनांतून आणि गीतांतून. गरिबाच्या घरात प्रत्यक्ष प्रत जाण्यासाठी १८ वे शतक उजाडावे लागले. हाले शहरात आउगुस्ट हेरमान फ्रांके याने अनाथालय, शाळा आणि छापखाना उभारला होता. त्याचा मित्र कार्ल हिल्डेब्रांट फॉन कान्श्टाइन याने १७१० साली तेथे बायबल छापणारी संस्था स्थापन केली. युक्ती साधीच होती. एरवी एक फर्मा छापून झाला की खिळे सुटे करून पुढच्या पानांसाठी वापरले जात. कान्श्टाइनने देणग्या गोळा करून इतके खिळे घेतले की संपूर्ण ग्रंथाची जुळणी तशीच ठेवता यावी. पुन्हा जुळणी नाही, पुन्हा मुद्रितशोधन नाही. १७१२ साली नवा करार आणि पुढच्याच वर्षी संपूर्ण बायबल अत्यल्प किमतीत मिळू लागले. शतकभरात प्रतींची संख्या लाखोंच्या घरात गेली.

या हालेचा भारताशीही संबंध आहे. तेथेच शिकलेला बार्थोलोमेउस झीगेनबाल्ग १७०६ साली डेन्मार्कच्या ताब्यातील तरंगंबाडी येथे उतरला. स्थानिकांकडून तमिळ शिकून त्याने नवा करार तमिळमध्ये आणला आणि तो १७१४-१५ मध्ये तेथेच छापला गेला. छपाईचे साहित्य हालेहून आले होते. भारतीय भाषेत छापलेला हा पहिला नवा करार. लोकांच्या भाषेतच ग्रंथ हवा, हा विटेनबर्गचा आग्रह दोनशे वर्षांत असा कोरोमंडल किनाऱ्यापर्यंत पोहोचला होता.

‘आपल्या लोकांची’ भाषा

‘लोक’ या शब्दाला विसाव्या शतकात विषारी अर्थही लाभला. नाझी राजवटीत १९३९ साली चर्चमधील काही मंडळींनी ‘जर्मन धर्मजीवनातील ज्यू प्रभाव नष्ट करण्यासाठी’ एक संस्था काढली. तिचे ठिकाण आयझेनाख आणि उद्घाटनाचा सोहळा झाला तो थेट वार्टबुर्गवर. या संस्थेने १९४० साली ‘जर्मन माणसासाठी’ म्हणून नव्या कराराची आवृत्ती काढली. तिच्यातून येशूचे ज्यू असणे, जुन्या कराराचे संदर्भ, हिब्रू नावे व शब्द पद्धतशीर वगळले होते. ल्यूथरने आयुष्याच्या अखेरीस, १५४३ साली, ज्यूंविरुद्ध लिहिलेल्या जहाल पुस्तकाचाही त्या काळात पुरेपूर वापर झाला. वाचकाला कळावे म्हणून शब्द बदलणे वेगळे आणि वाचकाने काय विसरावे हे ठरवून शब्द गाळणे वेगळे. बाहेरून पाहता दोन्हींना ‘लोकांसाठी भाषांतर’ म्हणता येते, हीच त्यातील भीषण गोष्ट.

याच काळातील एक उलटा प्रयत्न लक्षणीय आहे. मार्टिन बूबर आणि फ्रान्झ रोझेनत्स्वाइग या ज्यू विचारवंतांनी १९२५ पासून हिब्रू बायबल नव्याने जर्मनमध्ये आणण्यास घेतले. त्यांनी सोपेपणा मुद्दाम नाकारला. हिब्रूचा उच्चार, श्वास आणि पुनरुक्ती जर्मन कानाला ऐकू यावी, हा त्यांचा ध्यास होता. रोझेनत्स्वाइग १९२९ साली निवर्तले. बूबर यांना १९३८ साली जर्मनी सोडावी लागली आणि त्यांनी ते काम जेरुसलेममध्ये १९६१ साली पूर्ण केले. ज्या जर्मन ज्यू समाजासाठी ते सुरू झाले होते, तो समाज तोवर नष्ट झाला होता.

एक ग्रंथ, अनेक वाचक

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२-६५) कॅथॉलिक उपासनेत लोकभाषांना मोकळी वाट दिली. त्यातून १९८० साली ‘आइनहाइट्स’, म्हणजे ‘एकात्म’, भाषांतर आले. त्यातील नवा करार व स्तोत्रसंहिता यांवर प्रॉटेस्टंट अभ्यासकांनीही काम केले होते. चारशे वर्षांच्या दुराव्यानंतर दोन्ही पंथ एका पानावर आल्याचे ते चिन्ह होते. ही एकी फार टिकली नाही. भाषांतरांबाबत व्हॅटिकनने २००१ मध्ये घातलेल्या नव्या अटींनंतर, २००५ साली प्रॉटेस्टंट चर्चने पुढील सुधारणेतून अंग काढून घेतले. कॅथॉलिक आवृत्ती २०१६ साली स्वतंत्रपणे सुधारून निघाली.

दरम्यान ‘सामान्य वाचक’ एक उरला नव्हता. स्त्रियांना मजकुरातून अदृश्य ठेवणारी भाषा बदलली पाहिजे, या भूमिकेतून २००६ साली ‘न्याय्य भाषेतील बायबल’ आले आणि त्यावरून मोठे वादळ उठले. तरुणांच्या बोलीतली आवृत्ती निघाली, तशी वाचन जड जाणाऱ्यांसाठी अगदी सोप्या भाषेतील शुभवर्तमानेही तयार झाली. २०२१ साली पूर्ण झालेल्या ‘बाझिसबिबेल’ने तर नियमच घालून घेतला की वाक्य शक्यतो सोळा शब्दांपेक्षा लांब नको आणि त्यात एकाहून अधिक उपवाक्य नको. पडद्यावर वाचणाऱ्या पिढीचा विचार त्यामागे होता.

ल्यूथर बायबलने मात्र उलट दिशा धरली. धर्मसुधारणेच्या पाचशेव्या वर्षानिमित्त सिद्ध झालेल्या २०१७ च्या आवृत्तीत अभ्यासकांनी मूळ भाषांशी मेळ तपासलाच, शिवाय मधल्या काळात सोपी केलेली कित्येक स्थळे पुन्हा ल्यूथरच्या शब्दांत आणली. एकेकाळी बाजारातून उचललेली ती भाषा आता जपून ठेवण्याजोगा वारसा झाली आहे. व्हल्गेटच्या वाट्याला जे आले, त्याच वाटेवर ल्यूथरचे बायबलही काही अंशी चालू लागले आहे.

म्हणूनच आज जर्मन पुस्तकाच्या दुकानात ही दोन्ही बायबले शेजारी शेजारी दिसतात. एक आजीच्या तोंडून वचने ऐकलेल्यासाठी, दुसरे ती कधीच न ऐकलेल्यासाठी. दोघेही सामान्यच वाचक. एकाला शेफेल हवे आहे, दुसऱ्याला बादली चालेल. कोणाच्या हाती काय द्यायचे हे पूर्वी आर्चबिशप आणि ड्यूक ठरवू पाहत होते. आता ते दुकानात उभा असलेला वाचक स्वतः ठरवतो.